येथील कुशल जाणोन

मंडळी, सुरुवातीलाच एक गुन्हा कबूल करून टाकतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा संक्रांतीचा कार्यक्रम शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये ठरला होता. गुरुवारी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरला, 'हवामान ठीक आहे, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार.' शनिवारी सकाळी पाऊस पडता पडताच गोठायला लागला आणि आठच्या सुमारास दुसरा निरोप आला, 'कार्यक्रम रद्द.' दोन्ही मी वाचले. पण दहा वाजता कुठल्याशा तिसऱ्याच ग्रुपवरून फिरत फिरत गुरुवारचा निरोप पुन्हा माझ्या फोनवर येऊन पडला. त्यावर ना तारीख, ना वेळ. मला वाटलं, बेत परत बदलला. ओळखीचे एक सत्तरीचे काका-काकू अशा ग्रुपांवर नसतात, म्हणून त्यांना मी तो मुद्दाम पाठवला. ते बिचारे तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन रूट ४६ वरून निघाले आणि गाडी घसरून कठड्याला लागली. दोघांना खरचटलंसुद्धा नाही, ही देवाची कृपा. संध्याकाळी फोनवर काका एवढंच म्हणाले, "अरे, तू तर नेटवर्कवाला ना?"

तो प्रश्न मला अजून टोचतो. कारण ताजी बातमी मागे सारून शिळी बातमी पुढे धावते, हा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही. त्याला चांगला इतिहास आहे. १९८० साली नेमक्या याच घोटाळ्याने त्या वेळचं अख्खं नेटवर्क कित्येक तास बसलं होतं. तो इतिहास मी कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. काकांच्या फोननंतर पुन्हा वाचला.

त्याची सुरुवात आपल्या घराजवळूनही करता येईल. पार्सिपनीहून २०२ ने दक्षिणेला निघालं की थोड्याच मैलांवर मॉरिसटाउनचं स्पीडवेल लागतं. मुलांच्या शाळेच्या सहली तिथे जातात. १८३८ च्या जानेवारीत तिथल्या कारखान्यात सॅम्युएल मोर्स आणि आल्फ्रेड व्हेल यांनी दोन मैल लांबीच्या तारेतून संदेश पाठवून दाखवला. पण ती तार एक, तिची टोकं दोन. संदेश कुठल्या वाटेने जाणार, हा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न उभा राहतो तारांचं जाळं झाल्यावर, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला पाच वाटा असतात आणि त्यातली कुठली कधी तुटेल याचा भरवसा नसतो तेव्हा.

असं जाळं म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहिलेलं आर्पानेट. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्यावरून पहिला संदेश गेला. त्यात प्रत्येक ठिकाणी फ्रिजएवढं एक यंत्र बसवलेलं असे, त्याला इम्प म्हणत. मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या कंपनीने ती केली होती. आजच्या राउटरचे हे आजोबा. वाट ठरवण्याची त्यांची पद्धत अगदी माणसांसारखी होती: शेजाऱ्याला विचारायचं. प्रत्येक इम्प दर सेकंदाच्या आत शेजाऱ्यांना आपला तक्ता देई, 'अमक्या ठिकाणी पोचायला माझ्याकडून इतका वेळ लागतो.' शेजारी त्यात स्वतःचं अंतर मिळवून तो आकडा पुढच्याला सांगे.

सोपं आणि शहाणपणाचं वाटतं ना? आता आपल्याच रस्त्यावर हे लावून बघू. समजा न्यूअर्कला जायची वाट फक्त पार्सिपनीतून आहे आणि पश्चिमेला डेनव्हिल, त्यापुढे डोव्हर. पार्सिपनी म्हणतं, 'न्यूअर्क एक टप्पा.' डेनव्हिल म्हणतं, 'माझ्याकडून दोन.' डोव्हर म्हणतं, 'तीन.' आता पार्सिपनी-न्यूअर्क रस्ता बंद पडला. पार्सिपनी हवालदिल होतं, तेवढ्यात डेनव्हिलचा जुना तक्ता येतो, 'न्यूअर्क दोन टप्पे.' ते दोन टप्पे आपल्याच दारावरून जातात, हे पार्सिपनीला कुठे ठाऊक? ते खुशीत म्हणतं, 'मग माझ्याकडून तीन.' ते ऐकून डेनव्हिल म्हणतं, 'तर मग माझ्याकडून चार.' असे दोघे एकमेकांच्या भरवशावर पाच, सहा, सात करत बसतात आणि न्यूअर्कची सगळी वाहतूक दोन गावांच्या मध्ये येरझाऱ्या घालत राहते. याला इंग्रजीत अनंतापर्यंत मोजणं म्हणतात. मराठीत आपण कर्णोपकर्णी म्हणतो.

या पद्धतीत कोणी खोटं बोलत नाही, तरी सगळे मिळून खोटं सांगतात. आणि एखादा बिघडला तर विचारूच नका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या इम्पची मेमरी बिघडली आणि तो सगळ्यांना सांगू लागला की माझ्यापासून प्रत्येक ठिकाण शून्य अंतरावर आहे. साहजिकच देशभरचा माल हार्वर्डकडे धावला आणि तिथेच गडप झाला.

ही पद्धत अजून मेली नाही, हेही सांगायला हवं. तिचा रिप नावाचा अवतार १९८८ च्या जूनमध्ये रीतसर लिहून काढला तो आपल्या रटगर्समधल्या चार्ल्स हेड्रिक यांनी. त्यात अनंत म्हणजे १६. सोळा टप्पे झाले की 'वाट नाही' असं समजून मोजणं थांबवायचं. गणितज्ञांना घेरी येईल, पण इंजिनिअर लोकांचं काम चालतं.

आर्पानेट वाढलं तसं बीबीएनमधल्या जॉन मॅक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी हा कर्णोपकर्णी कारभार मोडीत काढायचं ठरवलं. १९७९ च्या मे महिन्यात नवी पद्धत चालू झाली. पुढे तिला लिंक-स्टेट हे नाव पडलं. त्यातला बदल एका वाक्यात सांगायचा तर मला आपल्या जुन्या पत्रांचा मायना आठवतो. येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जावे. माझ्या गावची खबर मी देतो, तुमच्या गावची तुम्ही द्या. तिसऱ्या गावची खबर तिथला माणूस देईल, आपण उगाच अंदाज सांगायचा नाही.

म्हणजे पार्सिपनीने फक्त एवढंच लिहायचं: 'माझे शेजारी अमुक आणि अमुक, त्यांच्यापर्यंतचे रस्ते असे असे, न्यूअर्कचा बंद.' हे पत्र डेनव्हिलने वाचायचं, ठेवून घ्यायचं आणि एका काना-मात्रेचाही फरक न करता डोव्हरला नक्कल द्यायची. असं सगळ्यांचं सगळ्यांना पोचलं की प्रत्येकाच्या हाती पूर्ण नकाशा येतो आणि वाट ज्याची त्याने काढायची. ती काढायची युक्ती आधीपासून तयार होती. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच माणसाने १९५६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत ती शोधली होती. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जवळची वाट कुठली, हा त्याचा प्रश्न होता. तुमच्या गाडीतला जीपीएस त्याच घराण्यातला.

डाइक्स्ट्राचं गणित सगळी पुस्तकं कौतुकाने शिकवतात. मलाही पाठ्यपुस्तकात तेच चार पानं होतं, आणि पत्रं वाटण्याची पद्धत दोन परिच्छेदांत उरकली होती. प्रत्यक्षात सगळी गोम त्या दोन परिच्छेदांत आहे. नकाशा सगळ्यांकडे एकच असेल तरच हे गणित चालतं. आणि जाळ्यात एकच पत्र चार वाटांनी, वेगवेगळ्या वेळी येतं. सकाळचं पत्र लांबच्या वाटेने दुपारच्या पत्रानंतरही पोचू शकतं. शेजाऱ्याने हातात ठेवलेलं पत्र माझ्याकडच्या पत्रापेक्षा नवं की जुनं? नवं असेल तर ठेवून पुढे द्यायचं, जुनं असेल तर फेकायचं. एवढंच ठरवायचं आहे.

बीबीएनच्या मंडळींनी प्रत्येक पत्रावर क्रमांक घातला. मेमरी महाग, म्हणून क्रमांकाला जागा दिली सहा बिटांची, म्हणजे ० ते ६३. त्यानंतर पुन्हा ०.

इथे आपल्या वाचकाने थबकायला हवं, कारण हा हिशेब आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. संवत्सरं साठ. प्रभवपासून क्षयापर्यंत झाली की पुन्हा प्रभव. पानिपत झालं ते शके १६८२, विक्रम नाम संवत्सर. हेच विक्रम संवत्सर शके १७४२ मध्ये आलं, १८०२ मध्ये आलं, आणि अगदी अलीकडे शके १९२२ मध्ये, म्हणजे इसवी सन २००० च्या पाडव्याला. उद्या एखादा जुना कागद सापडला आणि त्यावर नुसतं 'विक्रम नाम संवत्सरे' असेल, शक नसेल, तर तो कुठल्या विक्रमातला? मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत ही डोकेदुखी नेहमीची आहे. पुष्कळ पत्रांवर तिथी असते, महिना असतो, पण साल नसतं. राजवाडे, सरदेसाई यांच्यासारख्यांनी मजकुरातले दुवे जुळवत एकेका पत्राचं साल ठरवण्यात आयुष्यं घालवली. साल चुकलं की कारण आणि परिणाम उलटे होतात. जे मागाहून घडलं ते आधी घडल्यासारखं दिसतं.

इम्पना राजवाडे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांना एक ढोबळ नियम दिला होता. चक्रात पुढे मोजत गेलं असता जो क्रमांक ३२ घरांच्या आत येईल तो नवा. म्हणजे ६० नंतर ३ आला तर ३ नवा. साठ संवत्सरांचंही आपण तसंच करतो, मागची-पुढची तीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवतो. नेहमीच्या व्यवहारात ते बरोबरच येतं.

२७ ऑक्टोबर १९८० या दिवशी ते चुकलं. एका इम्पच्या मेमरीतून बिट गळत होते आणि त्यामुळे ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाची एकाच वेळी तीन पत्रं जाळ्यात फिरू लागली. त्यांचे क्रमांक होते ८, ४० आणि ४४. दोनाच्या पाढ्यात लिहून पाहिलं तर ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक १ गळला की १०१००० म्हणजे ४०. आणखी एक गळला की ००१००० म्हणजे ८. आता वरचा नियम लावा. ८ पेक्षा ४० नवं, कारण पुढे बरोबर ३२ घरं. ४० पेक्षा ४४ नवं, हे उघडच. आणि ४४ पेक्षा? तिथून पुढे मोजत ६३ ओलांडून ८ पर्यंत आलं तर २८ घरं होतात. म्हणजे ४४ पेक्षा ८ नवं!

बस्स. प्रत्येक इम्पला ८ दिसलं की मग ४० नवं वाटे, ते ठेवून तो शेजाऱ्यांना देई. मग ४४ नवं, ते देई. मग ८ नवं. तीन शिळी पत्रं आपापसात एकमेकांना ताजं ठरवत देशभर गरगरत राहिली. आणि रस्त्यांच्या खबरीला सगळ्यात जास्त मान, त्यामुळे इम्प तेच वाचत बसले, लोकांच्या कामाला वेळच उरला नाही. एखादा इम्प बंद करून पुन्हा चालू केला तरी उपयोग नाही. तो शुद्धीवर आला की शेजारी तत्परतेने तीच तीन पत्रं त्याच्या हातात ठेवत. (शेजारधर्म तो शेजारधर्म.) शेवटी '५० च्या नावाने येणारं काहीही ऐकू नका' अशी दुरुस्ती सगळीकडे पोचवावी लागली, तेव्हा जाळं मोकळं झालं.

एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला. ज्याने यंत्र बांधलं त्यानेच ते कसं कोसळलं हे इतक्या सरळपणे सांगितलेलं मी फार कमी वाचलं आहे. तारेवरून जाताना पत्र बिघडलं तर ते पकडायची सोय होती. घरात ठेवलेलं पत्र वाळवीने खाल्लं तर काय, याची सोय कोणी केली नव्हती.

ही सोय करण्यात मोठा वाटा रेडिया पर्लमन या बाईंचा. त्या आधी बीबीएनमध्ये होत्या, मग डेक कंपनीत गेल्या. लोक त्यांना इंटरनेटची आई म्हणतात आणि त्यांना ते आवडत नाही. १९८३ मध्ये त्यांनी लिहिलं की जाळं असं हवं की त्यात कसाही कचरा शिरला तरी, कचरा करणारा थांबल्यावर, ते आपणहून शुद्धीवर आलं पाहिजे. कोणी माणसाने धावत जायची गरज पडता कामा नये. त्यासाठी क्रमांकाचं चक्र मोडून सरळ रेघ करायची, तीही एवढी लांब की संपायलाच नको. आणि प्रत्येक पत्राला वय द्यायचं.

आज जे ओएसपीएफ घरोघरी म्हणजे कंपनी-कंपनीत चालतं, त्याचा पहिला मसुदा १९८९ चा आणि सध्या वापरातल्या दुसऱ्या आवृत्तीचा मुख्य दस्तऐवज १९९८ चा. दोन्ही जॉन मॉय यांचे. त्यात ही शिकवण उतरली आहे. क्रमांक ३२ बिटांचा. दर पाच सेकंदांनी एक पत्र लिहिलं तरी तो संपायला साडेसहाशे वर्षांहून जास्त लागतील. पत्राचं वय एक तास. लिहिणाऱ्याने दर अर्ध्या तासाने, काही बदललं नसलं तरी, पुन्हा लिहायचं. तासाभरात नवं आलं नाही तर जुनं रद्दीत. मजकुराची बेरीज पत्रातच लिहिलेली असते, त्यामुळे घरात ठेवलेली प्रतसुद्धा अधूनमधून तपासता येते.

शेजाऱ्यांच्या चालीरीतीही पाहण्यासारख्या आहेत. दर दहा सेकंदांनी 'हेलो' म्हणायचं, आणि त्यात ज्यांचं हेलो ऐकू आलं त्यांची नावं घालायची. त्याच्या यादीत माझं नाव दिसलं तरच ओळख दुतर्फा झाली. चाळीस सेकंद आवाज नाही आला की शेजारी गेला असं धरायचं. ओळख पक्की झाली की दोघे लगेच सगळी पत्रं एकमेकांच्या अंगावर ओतत नाहीत. आधी नुसत्या याद्या दाखवतात, कोणाचं पत्र, कितवा क्रमांक. जे आपल्याकडे नाही किंवा जुनं आहे तेवढंच मागून घेतात. मिळाल्याची पोच देतात. पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं.

एका खोलीत दहा राउटर असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी असं करायचं म्हणजे पंचेचाळीस जोड्या. म्हणून ते आपल्यातून एक मुख्य आणि एक उपमुख्य निवडतात आणि बाकीचे त्या दोघांमार्फत व्यवहार करतात. गंमत म्हणजे एकदा निवडलेला मुख्य, मागाहून जास्त योग्यतेचा कोणी आला तरी, खुर्ची सोडत नाही. स्वतः बंद पडेपर्यंत तोच मुख्य. आपल्या मंडळांची घटना बहुधा यावरूनच लिहिली असावी. (समितीने हे हलकेच घ्यावं.)

मला सगळ्यात आवडतात ते दोन नियम. पहिला: शेजाऱ्याने आपल्याकडच्यापेक्षा जुनं पत्र दिलं तर ते नुसतं टाकून द्यायचं नाही, आपल्याकडचं नवं उलट त्याच्या हातात द्यायचं. दुसरा: एखादा राउटर बंद पडून पुन्हा उठला की तो आपला क्रमांक विसरलेला असतो आणि पहिल्यापासून मोजू लागतो. पण शेजारी त्याला त्याचंच जुनं पत्र दाखवतात, 'अरे, तू तर दोनशेपर्यंत आला होतास.' मग तो २०१ क्रमांक घालून नवं पत्र लिहितो. आपण कुठपर्यंत आलो होतो हे ज्याचं त्याला आठवत नाही, शेजाऱ्यांना आठवतं.

याने सगळं सुरळीत झालं असं नाही. १३ एप्रिल १९९८ ला एटी अँड टीचं देशभरचं फ्रेम रिले नेटवर्क एका स्विचवरच्या कामात चूक होऊन बसलं आणि पूर्ववत व्हायला सव्वीस तासांपर्यंत वेळ लागला. दुकानांत क्रेडिट कार्डं चालेनात. तो ओएसपीएफ नव्हता, पण दुखणं त्याच जातीचं: स्विचनी एकमेकांना पाठवलेल्या निरोपांचाच पूर आला. न्यू जर्सीतल्याच मिडलटाउनमध्ये एटी अँड टीचे गगन चौधुरी अशा पुरांचा अभ्यास करत होते आणि २००५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी संपादित केलेली शिफारस प्रसिद्ध झाली. तिचं सार घरगुती आहे: कितीही पत्रांचा ढीग साचला तरी शेजाऱ्याचं हेलो आणि पोच आधी बघा. नाहीतर जिवंत शेजारी मेला असं वाटतं, त्याची खबर सगळीकडे जाते, ढीग आणखी वाढतो, आणि त्या ढिगाखाली दुसऱ्या शेजाऱ्याचं हेलो दबतं.

हे सगळं मी काकांना एकदा त्यांच्या घरी बसून सांगितलं. गाडीला नवा बंपर लागला होता. ते पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले, मुलाकडे आले ते इथलेच झाले. त्यांनी संवत्सरांचा भाग दोनदा समजून घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडे टपालाच्या प्रत्येक पाकिटावर तारखेचा शिक्का मारल्याशिवाय ते पुढे जात नसे. शिपायाला हे आठव्या दिवशी कळायचं."

तेव्हापासून आमच्या कार्यक्रमाच्या निरोपांवर मी क्रमांक, तारीख आणि वेळ घालायला लावतो, आणि खाली 'हा निरोप उद्या रात्री नऊनंतर रद्द समजावा' असंही. सुरुवातीला सगळे हसले. मागच्या संक्रांतीला 'निरोप क्र. ३' गेला. पाच मिनिटांत काकांचा फोन, "३ मिळाला. मला २ आलाच नाही, तो आधी पाठव."